सुट्टीत लेख कसा होतो?

एप्रिल संपत आला की हा प्रश्न येतो. स्टाफरूममध्ये येतो, पेपर तपासणीच्या केंद्रावर चहाच्या वेळी येतो, रात्री फोनवर येतो. "मॅडम, सुट्टीत लिहायला तुम्हाला जमतं कसं? काही वेळापत्रक असतं का?" विचारणारे बहुतेक सीएचबीवरचे, म्हणजे कॉलेजात तासाच्या मानधनावर शिकवणारे. पुढचं वाक्यही ठरलेलं: "तो हौदांवरचा लेख तुम्ही एका उन्हाळ्यात पुरा केलात म्हणे." आजवर मी "पहाटे उठायचं, मोबाइल लांब ठेवायचा" असं काहीबाही सांगून वेळ मारून नेली. यंदा एकीने ते चक्क वहीत उतरवून घेतलं, तेव्हा मात्र मला ओशाळल्यासारखं झालं. म्हणून काय ते एकदा लिहून टाकते.

"दोन महिने सुट्टी, मजा आहे बुवा तुमची" म्हणणाऱ्या नातेवाइकांसाठी हे नाही. त्यांना लग्नाच्या पंगतीत काय उत्तर द्यायचं ते मला येतं.

सुट्टीचा हिशेब तुम्हाला माहीत आहेच. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत कॉलेजच्या वर्षाची वाटणी केलेली आहे: तीस आठवडे शिकवणं, दहा आठवडे प्रवेश-परीक्षा, दहा आठवडे सुट्टी. त्यातली दिवाळीची वजा करा, मग कॅप, म्हणजे केंद्रावरची पेपर तपासणी, वजा करा, तपासलेल्या पेपरांची फेरपाहणी, म्हणजे मॉडरेशन, वजा करा. नॅकचा, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाचा, अहवाल दर वर्षी मे महिन्यातच का आठवतो हे मला अजून कळलेलं नाही. नवीन धोरणाचे अभ्यासक्रम आल्यापासून त्यांच्या बैठकांची भर पडली आहे. उरतं त्यात मुलीची शाळा बंद असते आणि "आई, आता काय करू?" सुरू असतं. या उरलेल्यात तुम्ही संशोधन केलं आहे असं पदोन्नतीचा तक्ता धरून चालतो. आपल्याकडे, म्हणजे इतिहास-भाषांसारख्या विषयांत, एका लेखाला दहा गुण, विज्ञानवाल्यांना आठ. दोन लेखक असले तर प्रत्येकाला सत्तर टक्के. हा सत्तरचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(ज्या केअर यादीतलं, म्हणजे यूजीसीने मान्य केलेलं, नियतकालिक मिळावं म्हणून आपण इतकी वर्षं जिवाचं रान केलं, ती यादी यूजीसीने २०२५ मध्ये बंद करून टाकली. यावर मी शांतपणे काही लिहू शकत नाही, म्हणून सोडते.)

माझ्या विषयाची एक वेगळी अडचण आहे. पेशवेकालीन पुण्याचं पाणी हा माझा विषय. नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात नळ आणला आणि ठिकठिकाणी हौद बांधले, हे सगळे लिहितात. मला बांधणाऱ्यात रस नव्हता. गाळ कोण काढत होतं, फुटलेल्या नळाला चुना कुठून येत होता, मजुरी कुणी दिली आणि कुणी थकवली, हे हवं होतं. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, त्यांत गाळाच्या मजुरीला कितीशी जागा मिळणार? म्हणजे काउन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात जाऊन मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडून बसायला हवं. ते सरकारी कार्यालय. कार्यालयाच्या वेळेत आपण वर्गात असतो. पूर्वी निदान पहिला-तिसरा शनिवार मिळायचा. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारचा आठवडा पाच दिवसांचा झाला आणि तोही गेला. तेव्हा उन्हाळा ही माझी आवड नाही. दुसरा पर्यायच नाही.

आता २०१९. तेव्हा मीही सीएचबीवरच होते.

एप्रिलच्या शेवटी पुण्याचा पारा ४३ ला टेकला होता. सत्र संपलं म्हणजे माझी नेमणूकही संपली. दुसऱ्या सत्राचं मानधन यायचं होतं. ते कधी येतं हे तुम्हाला सांगायला नको. घर नवऱ्याच्या पगारावर चाललं होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण वेळापत्रक मागणाऱ्या प्रत्येकाच्या घरी असा दुसरा पगार नसतो, आणि पहाटे उठण्याचा सल्ला देताना मी ही गोष्ट सोयीस्करपणे गाळत आले. मुलगी आजोळी साताऱ्याला होती. मी रोज डबा घेऊन बाहेर पडायची आणि दार उघडायच्या आधी पोचायची.

ते दिवस चांगले होते. मोडीत शब्द तुटत नाहीत, ओळच्या ओळ एका दमात लिहिलेली असते. पहिले काही दिवस हात नुसता कागदावरून फिरतो. मग एका दुपारी कारकुनाची सवय कळते, त्याचा 'ब' कुठे वळतो ते कळतं, आणि कागद बोलायला लागतो. पेशव्यांचं दफ्तरी साल मृगाला बदलायचं, आपल्या कॉलेजसारखंच, त्यामुळे सालअखेरीची बिलं उरकण्याची घाई मला ओळखीची वाटली. मे संपेपर्यंत हिशेबांची साखळी जुळली. लेख एका दमात उतरला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तो विभागप्रमुखांना वाचायला दिला. त्यांनी खरोखर वाचला, समासात दोन चांगल्या सूचनाही लिहिल्या. केबिनमध्ये चहा मागवला. म्हणाले, "छान झालाय. आपण दोघांच्या नावाने देऊ. तुझं फार जात नाही, सत्तर टक्के मिळतातच." मग कप खाली ठेवत, अगदी सहज, "जुलैत तुमच्या मुलाखती लावतोय." या दोन वाक्यांमध्ये त्यांनी काही जोडलं नाही. धमकी म्हणावी असं एक अक्षर नव्हतं. मी कितीदा तरी आठवून पाहिलं आहे, नव्हतंच.

मी म्हणाले, "चालेल, सर."

नावांचा क्रम अकारविल्ह्याने लावू, वाद नको, असंही त्यांनीच सुचवलं. त्यांचं आडनाव आधी येतं.

बसस्टॉपवर उभी राहून मी गणित केलं: दहाचे सात. तीन गुणांसाठी नेमणूक पणाला लावायची? तेव्हाही उत्तर 'नाही' होतं, आजही तेच आहे. "तुम्ही नकार का दिला नाहीत?" असं मला एका कायम नोकरीतल्या मैत्रिणीने विचारलं होतं. तिच्याशी त्यानंतर वर्षभर मी नीट बोलले नाही. ज्याची नेमणूक दर वर्षी संपते त्याला हा प्रश्न विचारू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

पण मग हेही सांगायला हवं. पुढे एका चर्चासत्रात तो लेख सरांनीच वाचला. गाळाच्या मजुरीवर प्रश्न आला, तेव्हा ते म्हणाले, "हे तपशील मॅडम सांगतील," आणि माझ्याकडे हात केला. मी उभी राहून सांगितले. त्या उत्तरामुळे दोन जुन्या संशोधकांनी मला नावानिशी लक्षात ठेवलं. एका सीएचबीवालीला त्या चर्चासत्रात स्वतंत्र पेपर वाचायला मिळाला असता का? कदाचित शेवटच्या सत्रात, रिकाम्या खुर्च्यांपुढे. तेव्हा मी लुटली गेले की पुढे आले? मला दोन्ही वाटतं, आणि कोणत्या दिवशी काय वाटेल ते सांगता येत नाही.

त्या वेळची मी स्वतःला बजावायची: एकदा कायम झाले, मेचा पगार खात्यात आला की बघाच. दर उन्हाळ्याला एक लेख. तिची खात्री इतकी पक्की होती की आज तिच्यासमोर जायला मला अवघड जाईल. मी कायम झाले. मेचा पगार येतो. आणि त्या लेखाच्या तोडीचं मी त्यानंतर काही लिहिलेलं नाही. तुम्ही ज्याला 'सुट्टीत एवढं लिहिणं' म्हणता ती पुस्तक-परीक्षणं, प्रस्तावना आणि त्याच साखळीतले उरलेले तुकडे आहेत.

हे मी एका निवृत्त सरांजवळ बोलले, तर ते खूश होऊन म्हणाले, "बघ, पोट भरलं की लेखणी थांबते." मला ते वाक्य अजिबात मान्य नाही. याच वाक्यावर तर लोकांना वर्षानुवर्षं तासाच्या हिशेबावर ठेवलं जातं. माझी गोष्ट कुणी याचा पुरावा म्हणून वापरणार असेल, तर मी ती सांगितलीच नाही असं समजा.

माझ्या मते तेव्हा लेख झाला तो उपाशी होते म्हणून नाही. मला कुणी बोलावत नव्हतं म्हणून झाला. सीएचबीवालीला सुट्टीत प्रवेश समितीवर घेत नाहीत, अहवालाला बसवत नाहीत, कारण घेतलं तर पैसे द्यावे लागतील. तो उन्हाळा मोकळा होता, कारण माझी कुणाला किंमत नव्हती. आता किंमत आहे, म्हणून फोन वाजतो.

हे लिहून मला बरं वाटलं, पण ते पुरतं खरं नाही. परवा आठवडाभर एकही बैठक नव्हती. मी माळा आवरला, लोणच्याच्या बरण्या धुतल्या, मुलीच्या पुस्तकांना जुनी कव्हरं घातली. रुमालाची मागणी चिठ्ठी भरायला गेले नाही. तेव्हाच्या मीने मला रागाने विचारलं असतं, आता कुणी अडवलं आहे? माझ्याकडे उत्तर नाही. मुलगी मोठी झाली, मान दुखते, उन्हात त्या बाजूला जायचा कंटाळा येतो, ही सगळी कारणं खरी आहेत आणि तिने एकही ऐकून घेतलं नसतं.

तरी वेळापत्रक हवंच असेल तर एवढं घ्या. परीक्षेची ड्यूटी लागायच्या आत कुठला रुमाल पाहायचा ते ठरवा. एकच ठरवा. लिप्यंतर तिथेच बसून करा, घरी नेऊन करू म्हणाल तर होणार नाही. लेखाची पहिली ओळ मे संपेपर्यंत लिहू नका. आणि सर दोघांच्या नावांचं म्हणाले तर काय करायचं हे मला विचारू नका. 'नाही म्हणा' हे सांगणं आता मला फुकट आहे.

यंदा माझं नाव प्रवेश समितीत आलं आहे. ते वगळावं म्हणून मी अर्ज दिला. 'संशोधन' हे कारण लिहिलेला अर्ज आमच्याकडे मंजूर होत नाही, म्हणून 'घरगुती अडचण' लिहिलं आहे.