आमची वाटचाल: पंपाच्या मोटारीपासून स्पीकरच्या कॉइलपर्यंत

जळगावात वडिलांनी मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं ते केळीच्या जिवावर. उन्हाळ्यात रावेर-यावलकडचे पंप जळायचे आणि मोटार रात्रीतून भरून द्यावी लागायची, कारण ऐन उन्हात बागेचं पाणी तोडून चालत नाही. पाऊस लागला की मात्र हात रिकामे. आमचं दुसरं काम त्या रिकाम्या दिवसांतून उभं राहिलं.

असंच एकदा श्रावणात अमळनेरचे एक काका जुन्या स्पीकरची जोडी घेऊन आले. एका खोक्यात वूफरच्या, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या, वाटेत बसवलेली, बारीक आवाज अडवणारी कॉइल जळून काळी पडली होती. लोखंडी पत्र्यांवर भरलेली, २.५ मिलीहेन्रीची. मिलीहेन्री म्हणजे कॉइल बदलत्या करंटला किती अडवते त्याचं माप. लोखंड नसलेली, म्हणजे एअर कोअर कॉइल चांगली, मोठ्या आवाजात ती सॅच्युरेट होत नाही, म्हणजे लोखंडासारखी चुंबकत्वाने भरून जाऊन अडत नाही, असं मी ऐकून होतो. ते खरंही आहे. म्हणून हाताशी असलेल्या २२ गेजच्या तारेने दोन्ही खोक्यांसाठी एअर कोअर भरून दिल्या. मीटरवर आकडा बरोबर २.५.

आठवड्याने काका परत आले. "भाऊ, आवाज ढिला पडना."

चूक माझीच होती. दुसऱ्या खोक्यातून काढलेली मूळ कॉइल पिशवीत तशीच होती, ती मोजली. साध्या मल्टिमीटरवर इतका कमी रोध धड दिसत नाही, वायरींचाच रोध त्यात मिसळतो. म्हणून कॉइलमधून एक अँपिअर सोडला आणि थेट टोकांवर व्होल्टेज बघितलं: ३०० मिलीव्होल्ट, म्हणजे ०.३ ओहम. माझी कॉइल भरली १.३ ओहम. लोखंड काढलं की तेवढ्याच मिलीहेन्रीला वेढे जास्त लागतात, म्हणजे तारही जास्त, आणि मी तर तारही बारीक घेतली होती. आठ ओहमच्या वूफरपुढे हा जास्तीचा एक ओहम आवाज साधारण एक डेसिबल खाली आणतो. शिवाय अँप्लिफायरची वूफरवरची पकड सैल होते. काकांचा कान मीटरपेक्षा खरा निघाला.

पत्रे शाबूत होते. जळालेली तार काढून त्यांच्यावरच जाड तारेने पुन्हा भरली, पत्र्यांमधला कागद मूळ जाडीचाच ठेवला. तो कागद म्हणजे हवेची फट, ती बदलली की मिलीहेन्री बदलतात. दुसऱ्या खोक्यात त्याची मूळ कॉइल परत बसवली.

तेव्हापासून दुकानात नियम आहे: आलेल्या प्रत्येक कॉइलला चिठ्ठी, तिच्यावर मिलीहेन्री आणि ओहम दोन्ही. उलटी चूकही होते. जाड तार चांगली म्हणून रोध फारच उतरवला, तर वूफर चढतो आणि मूळ बनवणाऱ्याने साधलेला तोल जातो. मग कॉइलच्या मालिकेत छोटा रेझिस्टर घालून फरक भरून काढतो.

नव्या पोराला मी आधी एकच गोष्ट दाखवतो. एअर कोअर कॉइल मीटरला लावायची आणि तिच्या पोटात लोखंडी स्क्रूड्रायव्हर घालायचा. आकडा समोरच चढतो. मग कॉइल बोर्डावर बसवताना लोखंडी बोल्ट का नको, पितळी का हवा, ते सांगावं लागत नाही. दोन कॉइल शेजारी असतील तर एक आडवी, एक उभी बसवायची, नाहीतर एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं. वेढे मोजण्यात आमचा हात मोटारींनीच तयार केलाय. मिलीहेन्री वेढ्यांच्या वर्गाने वाढतात, म्हणून शंभरातले पाच वेढे काढले की जवळपास दहा टक्के उतरतात.

बऱ्याच गिऱ्हाइकांना आम्ही कॉइल बदलूच देत नाही. जुन्या क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे जाड-बारीक आवाज वेगवेगळ्या स्पीकरना वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये, वाळतात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. तांबं सहसा तसंच राहतं. पत्रे सैल होऊन गुणगुणत असतील तर वॉर्निश पाजून, दाबून पुन्हा सुकवायचे. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ वर असतो, तेव्हा सुकायला वेळ लागत नाही.

सध्या टेबलावर चाळीसगावची एक जोडी आहे. चारपैकी तीन कॉइल ठणठणीत निघाल्या. चौथीची तार आतून तुटलीय. तिचे वेढे मी हाताने उलगडून मोजतोय, आत्ता १८० झाले.