आरोच्या वाटेवरची म्हातारी खोडे

स्पेनमधील ला रिओहा प्रांतातले आरो हे गाव ओकच्या पिंपांत मुरवलेल्या तांबड्या वाइनसाठी नावाजलेले आहे. पण निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदाराच्या घरात वाढल्यामुळे माझे पाय तळघराआधी बागेकडे वळले. एब्रो नदीपलीकडे, सिएरा कांताब्रियाच्या उतारावर मांडव नव्हते, तारा नव्हत्या, ओलांडेही (खोडाचे तारेवर पसरवलेले आडवे हात) नव्हते. गुडघाभर उंचीची वाकडीतिकडी खोडे सुटी सुटी उभी होती. छाटणीने त्यांना पेल्याचा आकार देतात, म्हणून या पद्धतीला तिथे ‘एन वासो’, म्हणजे ‘पेल्यात’, असे म्हणतात. ही तेंप्रानियो आणि गार्नाचा या द्राक्षजातींची खोडे ऐंशी वर्षांपुढची आहेत, असे वाटाड्याने सांगितले, तेव्हा वीस वर्षांच्या बागेला म्हातारी म्हणणारा मी गप्प झालो.

या वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या नव्हत्या. मुळे खाणारा फायलोक्सेरा हा कीटक रिओहात १८९९ मध्ये पोहोचला आणि त्यानंतर लागवड या किडीपुढे तग धरणाऱ्या अमेरिकन वेलींच्या खुंटांवर (मुळांसह बुडख्यांवर) कलम करून होऊ लागली. आमच्याकडचा डॉगरिजचा खुंटही अमेरिकनच. कारणे मात्र वेगळी, खारवट जमीन आणि पाण्याची ओढ.

त्याआधी याच किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा बोर्दोचे व्यापारी मालाच्या शोधात रिओहात उतरले आणि २२५ लिटरच्या पिंपांची चाल येथे रुजली. आरोच्या रेल्वे स्थानकाभोवतीच्या जुन्या वाइनघरांपैकी लोपेझ दे एरेदिया १८७७ चे आहे.

अशाच एका तळघरात पिंपांच्या उतरंडीजवळ मेणबत्ती ठेवलेली दिसली. ती शोभेची असावी, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात वाइन एका पिंपातून दुसऱ्या पिंपात उतरवताना धार ज्योतीसमोर धरतात आणि गाळाचा पहिला धूसर दोरा दिसताच ती थांबवतात. जुनी पिंपे लाकडाची चव फारशी देत नाहीत. त्यांच्या फळ्यांतून झिरपणाऱ्या किंचित हवेने वाइनचा तुरटपणा मऊ होतो, आणि माझ्या मते जुन्या पद्धतीचे खरे कसब या संथपणातच आहे. ‘ग्रान रेसेर्वा’ म्हणवून घ्यायला वाइनला निदान पाच वर्षे मुरावे लागते, त्यांतली दोन ओकमध्ये. मला दिलेल्या पेल्यात कडेला विटकरी छटा होती. सुक्या अंजिरामागून सुक्या खोबऱ्याचा वास येत होता, तो अमेरिकन ओकचा.

संध्याकाळी वडिलांना खोडांचे फोटो पाठवले. त्यांनी लगेच फोन करून एकरी माल किती निघतो, एवढेच विचारले. तांबड्या द्राक्षांना हेक्टरी ६,५०० किलोंची कायदेशीर मर्यादा आहे, म्हणजे एकरी अडीच टनांच्या आसपास, आणि म्हातारी खोडे त्याहूनही कमी देतात, असे मी सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

“अन् हे लोक खातात काय?”