ला पासचा हिवाळा, बोटीच्या दोरांसकट

मेक्सिकोत शिडाच्या बोटीवर हिवाळा काढायचा म्हणजे एकेक बंदर गाठत खाली खाली जायचं, अशी बऱ्याच जणांची कल्पना असते. आमचं मत उलटं आहे. एकच मरीना, म्हणजे बोटी बांधून ठेवायचं छोटं बंदर, धरा, महिन्याच्या बोलीने जागा घ्या आणि बोट तिथे नीट बांधा. भाडं बोटीच्या लांबीवर, फुटांच्या हिशोबाने लागतं आणि महिन्याचा दर रोजच्या दरापेक्षा बराच कमी पडतो. आम्ही ला पास धरतो, म्हणजे मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या दक्षिण भागातलं, कॅलिफोर्नियाच्या आखातावरचं शहर. आखातापलीकडच्या मासात्लानच्या मरीनाही छान आहेत, पण तिथे आत शिरायची वाट अरुंद, सतत गाळ उपसावी लागणारी. बाहेर लाट उठली की ती तोंडावरच फुटते, आणि मग बोट आत असो वा बाहेर, आहे तिथेच राहते.

पूर्व पॅसिफिकचा वादळांचा हंगाम कागदोपत्री ३० नोव्हेंबरला संपतो. दक्षिणेला कधी उतरता येईल याची तारीख बऱ्याच विमा पॉलिसींत लिहिलेली असते, ती निघण्याआधी वाचा. सॅन डिएगोहून निघालात तर मेक्सिकोतलं पहिलं बंदर एन्सेनादा, साधारण ६५ समुद्री मैलांवर. तिथे इमिग्रेशन, कस्टम आणि बंदर कप्तान एकाच छताखाली आहेत, त्यामुळे कागदपत्रं तिथेच उरकावीत. इथे दोन मुदती असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. बोटीचा तात्पुरता आयात परवाना दहा वर्षांचा असतो, माणसाचा मुक्काम जास्तीत जास्त १८० दिवसांचा. हे १८० दिवस आपोआप मिळत नाहीत. अधिकारी कमी दिवसही लिहू शकतो, तेव्हा आकडा खिडकीवरून हलायच्या आत बघा. परवान्यात बोटीला बाहेरून लावायच्या छोट्या इंजिनाचा (आउटबोर्डचा) नंबरही घालून घ्या. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना हे ठाऊक असलेलं बरं.

आता दोर. ला पासला हिवाळ्यात खरा त्रास उत्तरेच्या वाऱ्याचा. अमेरिकेच्या वाळवंटी पठारावर हवेचा दाब चढला की वारा कॅलिफोर्नियाच्या आखातात नळीतून फुंकल्यासारखा खाली येतो. २०-२५ नॉट (ताशी समुद्री मैल), कधी त्याहून जास्त, आणि दोन-तीन दिवस थांबायचं नाव नाही. आखातात लाटा आखूड आणि उभ्या होतात. मरीनात लाट पोचत नाही, पण बोट दोरांना हिसके देत राहते. बोट बांधायचा धक्का तरंगता असल्यामुळे भरती-ओहोटीसाठी दोरात ढील ठेवायची गरज नाही. नाळेचे, म्हणजे पुढच्या टोकाचे दोन, पिछाडीचे दोन आणि दोन स्प्रिंग, म्हणजे बोट पुढे-मागे सरकू न देणारे तिरके दोर. ४० फुटी बोटीला १६ मिलिमीटरचा तीन पदरी नायलॉन घ्या, कारण तो ताणतो आणि हिसका स्वतः सोसतो. स्प्रिंग जवळजवळ बोटीएवढा लांब हवा. आखूड स्प्रिंग ताणायला जागाच उरत नाही, मग क्लीट, म्हणजे दोर अडकवायची खुंटी, उपटायला लागतो.

दोर तुटतो तो बहुधा मधे नाही, बोटीच्या कडेवर घासतो तिथे. हात लावून बघा. आधी दोऱ्यांची लव उठते, मग ती लव कडक, चकचकीत होते. म्हणजे नायलॉन आतून तापून वितळायला लागलंय. म्हणूनच प्लॅस्टिकची नळी चढवणं आम्हाला पटत नाही. तिच्यात उष्णता कोंडते आणि पाणी आत जात नाही. अग्निशमनाच्या जुन्या कापडी होजचा हातभर तुकडा बरा, दोन्ही टोकांना सुतळीने बांधलेला. वारा यायच्या आधी पुढचं गुंडाळलेलं शीड उतरवून ठेवा, नाहीतर त्यावर दोराचे दोन जादा वेढे आणि वर पट्टी. एवढीशी फट राहिली तरी वारा तिथे खिसा करतो आणि रात्रीत शिडाच्या चिंध्या होतात. डोलकाठीवर आपटणारे दोर बाजूला ओढून बांधा, शेजारी दुवा देतील.

वीज अमेरिकेसारखीच, १२० व्होल्टच्या आसपास, ३० अँपिअरचे पिळून बसवायचे प्लग. केबल लावण्याआधी फेज-न्यूट्रल उलटे आहेत का ते तपासा. रात्री पारा १२-१३ अंशांवर येतो, मग प्रत्येक बोटीत १५०० वॅटचा हीटर लागतो, म्हणजे एकेकी १२ अँपिअर. शेवटच्या धक्क्यावरचं व्होल्टेज तेव्हा खाली जातं. प्लगची पिन तपकिरी दिसली, भोवतीचं रबर मऊ पडलं, तर दोष पिळ अर्धवट राहिल्याचा किंवा मिठाने सांधा खाल्ल्याचा. पिन घासून पुन्हा वापरू नका, प्लग बदला.

याच केबलची हिरवी, अर्थिंगची तार शेजारच्या सगळ्या बोटींना एकमेकींशी जोडते. खारं पाणी आणि वेगवेगळे धातू मिळून बॅटरी होते आणि पहिला बळी तुमच्या झिंकचा, म्हणजे बाकीचे धातू वाचावेत म्हणून स्वतः झिजायला पाण्याखाली लावलेल्या जस्ताच्या तुकड्याचा. नवा झिंक महिन्याभरात अर्धा झाला, तर आपल्याच नाही, शेजाऱ्याच्याही वायरिंगकडे बघा. हिरव्या तारेतून वाहणारा हा बारीक प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवणं हा स्वस्तातला उपाय. बोटीचा तळ महिन्यातून एकदा पाणबुड्याकडून पुसून घ्या. तळाचा रंग हळूहळू झिजत जाणाऱ्या जातीचा असेल तर मऊ कापडच वापरायला सांगा, खरखरीत घासणी रंग काढून टाकते.

पाणी. खारं पाणी गोडं करणारं यंत्र मरीनात चालवू नका. डिझेलचा तवंग आत गेला की त्याचा पडदा कामातून जातो, आणि नळाच्या क्लोरिनमुळेही जातो, म्हणून तो धुताना पाणी कार्बन फिल्टरमधून घ्या. टाकीत भरलेल्या नळाच्या पाण्यात बिनवासाचं साधं ब्लीच घालतो, लिटरला दोन थेंब, म्हणजे २०० लिटरला साधारण २० मिलिलिटर, आणि अर्धा तास थांबतो. प्यायला २० लिटरचा गाराफोन, म्हणजे पाण्याचा मोठा जार, दुकानात रिकामा देऊन भरलेला घ्यायचा.

बाजारात मराठी माणसाला परकं वाटत नाही. हमायका म्हणून सरबताला विकतात ती वाळलेली फुलं म्हणजे आपली लाल अंबाडी. वेर्दोलागा म्हणजे घोळ. चिंच, कोथिंबीर, हिरवी मिरची, सगळं आहे. सिएरा नावाचा मासा सुरमईची सख्खी चुलत बहीण, कुळ तेच. तुकड्या करून तिखट-मीठ लावून तळा. हळद मात्र घरून न्या.

सकाळी आठला, रविवार सोडून, व्हीएचएफ या बोटीवरच्या रेडिओच्या २२ नंबरच्या चॅनलवर बोटवाल्यांची सभा भरते: हवामान, कोणाला काय हवं, कोणाकडे काय जास्तीचं. परदेशी माणसाला इथे वस्तू विकता येत नाहीत, म्हणून जुना पंप किंवा दोर अमुक इतक्या ‘नारळां’ना दिला जातो. नारळ कोणी मागत नाही, पण पैसे हा शब्द रेडिओवर उच्चारायचा नाही.