छत्तीसच्या आकड्याने जोडलेली माणसे

दोघांचे अजिबात पटत नसेल, तर त्यांच्यात छत्तीसचा आकडा आहे असे आपण म्हणतो, कारण ३६ लिहिताना तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात. अमेरिकेतील ग्राहक संघटनांच्या कामाविषयी गेले काही महिने वाचताना मला हाच आकडा पुन्हा पुन्हा भेटला, पण अगदी उलट अर्थाने. छोट्या कर्जांवर वर्षाला ३६ टक्क्यांहून अधिक व्याज आकारता येऊ नये, या एका मागणीसाठी तिथे एरवी एका व्यासपीठावर न दिसणारे लोक एकत्र आले.

ही मागणी ज्या कर्जांसाठी आहे, त्यांना तिथे ‘पे डे लोन’ म्हणतात, म्हणजे पुढच्या पगारापर्यंतचे कर्ज. शंभर डॉलरमागे पंधरा डॉलर शुल्क आणि मुदत दोन आठवडे, हा त्याचा परिचित नमुना. पंधरा डॉलर ऐकायला किरकोळ वाटतात, पण वर्षाच्या हिशेबात हा दर ३९० टक्क्यांच्या घरात जातो. दोन आठवड्यांनी सगळी रक्कम एकदम फेडणे ज्याला शक्य नसते, तो पुन्हा शुल्क भरून मुदत वाढवून घेतो, आणि मुद्दल आहे तिथेच राहते. कर्ज देणाऱ्याच्या हाती आधीच पुढच्या तारखेचा धनादेश किंवा बँक खात्यातून पैसे काढण्याची परवानगी असल्यामुळे घरभाडे द्यायचे की हप्ता, हे ठरवण्याचा अधिकारही कर्जदाराकडे उरत नाही. ही मदत आहे असे मला कोणी कितीही सांगितले, तरी मी ते मान्य करू शकत नाही.

पहिले मोठे यश सैनिकांच्या निमित्ताने मिळाले. कर्जबाजारी झालेल्या सैनिकाची गोपनीय कामांसाठीची सुरक्षा मंजुरी धोक्यात येते, आणि त्याचा परिणाम थेट लष्कराच्या सज्जतेवर होतो, हे २००६ मध्ये खुद्द संरक्षण खात्याने आपल्या अहवालात मांडले. ग्राहक संघटना जे अनेक वर्षे सांगत होत्या, तेच आता लष्करही सांगू लागले. रिपब्लिकन सिनेटर जिम टॅलेंट आणि डेमोक्रॅट सिनेटर बिल नेल्सन यांनी मिळून दुरुस्ती आणली आणि सेवेतील सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी ३६ टक्क्यांची मर्यादा कायद्यात आली.

मला सर्वांत अधिक शिकवून जाते ती दक्षिण डाकोटाची हकिकत. या राज्याने १९८० मध्ये व्याजदरावरील मर्यादाच काढून टाकली होती आणि त्या ओढीने सिटीबँकेने आपला क्रेडिट कार्डांचा व्यवसाय तिथे हलवला होता. अशा राज्यात २०१६ मध्ये ३६ टक्क्यांच्या मर्यादेचा प्रस्ताव थेट मतदारांपुढे नेण्यात पुढाकार घेतला तो स्टीव्ह हिकी आणि स्टीव्ह हिल्डेब्रँड यांनी. हिकी हे पाद्री आणि रिपब्लिकन पक्षाचे माजी आमदार, तर हिल्डेब्रँड यांनी ओबामांच्या २००८ च्या प्रचारात वरिष्ठ जबाबदारी सांभाळलेली. कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या बाजूने त्याच मतपत्रिकेवर दुसरा प्रस्ताव आला. त्यात मर्यादा १८ टक्क्यांची, म्हणजे वरवर पाहता अधिक कडक होती, पण कर्जदाराने लेखी संमती दिली तर कितीही दर आकारण्याची मुभा ठेवलेली होती. गरजेच्या वेळी पुढे आलेल्या कागदावर कोण सही करणार नाही? मतदारांनी ही मेख ओळखली, तो प्रस्ताव फेटाळला आणि ३६ टक्क्यांच्या बाजूने सुमारे ७६ टक्के मते दिली. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी ट्रम्प यांनाही मोठ्या फरकाने विजयी केले होते, म्हणजे हा प्रश्न एका पक्षाचा राहिला नव्हता.

पुढे कोलोराडोने २०१८ मध्ये आणि नेब्रास्काने २०२० मध्ये सार्वमतानेच हा मार्ग धरला, तर इलिनॉयने २०२१ मध्ये कायदा केला.

राज्याराज्यांत असे लढावे लागले, याला कारण आहे. आर्थिक संकटानंतर २००९ मध्ये ग्राहक, कामगार आणि नागरी हक्क क्षेत्रातील दोनशेहून अधिक संघटनांनी ‘अमेरिकन्स फॉर फायनान्शियल रिफॉर्म’ ही आघाडी उभारली, आणि २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठी स्वतंत्र केंद्रीय संस्था निर्माण झाली. मात्र या संस्थेला व्याजदराची कमाल मर्यादा ठरवण्यास त्याच कायद्याने मनाई केली. कर्ज देण्यापूर्वी फेडण्याची ऐपत तपासावी, हा नियम तिने २०१७ मध्ये केला खरा, पण नेतृत्व बदलल्यावर २०२० मध्ये तो रद्द झाला. दोनशे संघटनांच्या श्रमांतून उभे राहिलेले संरक्षण असे एका फेरबदलात निघून जाते, याचे मला मनापासून दुःख होते. आणि म्हणूनच मतदारांनी स्वतः मंजूर केलेली मर्यादा मला अधिक भरवशाची वाटते.

तिलाही पळवाट आहेच. सैल नियमांच्या राज्यातील बँकेच्या नावावर कर्ज द्यायचे आणि प्रत्यक्ष धंदा दुसऱ्याच कंपनीने चालवायचा, ही पद्धत रूढ झाली आहे. तिला आळा घालायचा तर देशभर एकच मर्यादा हवी, यावर या संघटना ठाम आहेत. सैनिकांची मर्यादा सर्व ग्राहकांना लागू करणारे विधेयक २०१९ मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, मांडले गेले, पण ते मंजूर झाले नाही. त्यामुळे गणवेशात असेपर्यंत ज्याला ३६ टक्क्यांचे कवच मिळते, तोच सैनिक निवृत्त होऊन मर्यादा नसलेल्या राज्यात परतला, की कर्जाच्या दुकानात त्याला पुन्हा ३९० टक्क्यांचा कागद सहीसाठी दिला जातो.