पिंग चालू, सर्व्हर ठप्प: माझा अनुभव

"आमच्याकडून पिंग व्यवस्थित जातोय, तिकीट बंद करत आहोत." पिंग म्हणजे सर्व्हर उत्तर देतो का हे पाहणारा छोटा चाचणी संदेश. होस्टिंग कंपनीच्या सपोर्टचं हे उत्तर आठवलं की अजूनही डोकं तापतं. ज्यांचा व्हीपीएस (भाड्याने घेतलेला आभासी सर्व्हर) असाच अर्धवट जिवंत आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

प्रोव्हायडरने देखभालीच्या नावाखाली सर्व्हर दुसऱ्या होस्टवर हलवला, तेव्हापासून हे सुरू झालं. फायरवॉल, राउटिंग, डीएनएस सगळं तपासलं, सगळं ठीक. पिंगमध्ये एकही पॅकेट हरवत नव्हतं. एसएसएचचं (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची सोय) पोर्ट २२ लगेच जोडलं जायचं, पण पुढे एसएसएच एन्क्रिप्शन कीच्या देवाणघेवाणीपाशी अडकून बसायचं. साइटचं छोटं पान झटकन उघडायचं, मोठं पान पांढरंच राहायचं.

हे सगळं सपोर्टला सविस्तर लिहिलं. उत्तर आलं, रीबूट करा. केलं. मग म्हणाले, ओएस नव्याने टाका. चालू डेटाबेस असलेल्या मशीनवर, कारण न शोधता असा सल्ला देणं मला सरळसरळ बेजबाबदार वाटतं. तिकीट पुन्हा उघडलं की नवा माणूस यायचा, पिंग मारायचा आणि पुन्हा बंद करायचा. पण साधा पिंग नेतो फक्त ५६ बाइट डेटा! तेवढा जातोय म्हणून नेटवर्क ठणठणीत, हे कुठलं निदान?

शेवटी प्रोव्हायडरच्या वेब कन्सोलवरून आत शिरलो आणि टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावला. छोट्या पॅकेटांची पोच येत होती. मोठी पॅकेटं सर्व्हर पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि पलीकडून काहीच येत नव्हतं. मग पॅकेटचे तुकडे होऊ न देणारा पिंग मारला, लिनक्सवर त्याला '-एम डू' (-M do) हा पर्याय लागतो, आणि '-एस'ने (-s) आकार दिला १४७२. त्यात हेडरचे २८ मिळवले की इथरनेटचे नेहमीचे १५०० होतात. उत्तर नाही. आकार कमी करत गेलो. १४२२ला उत्तर आलं, १४२३ला नाही. म्हणजे वाटेतला एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४५०, आणि मधले ५० बाइट म्हणजे नेमकं व्हीएक्सलॅन टनेलचं (पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून नेण्याची पद्धत) ओझं.

अशा वेळी वाटेतल्या राउटरने 'पॅकेट मोठं आहे, तुकडे करावे लागतील' असा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा प्रोटोकॉल) निरोप पाठवायचा असतो. ही पद्धत १९९०च्या आरएफसी ११९१ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजापासून ठरलेली आहे. माझ्यापर्यंत तो निरोप पोचतच नव्हता. म्हणून सांगतो, सुरक्षेच्या नावाखाली स्वतःच्या फायरवॉलमध्येही सगळा आयसीएमपी बंद करू नका.

इंटरफेसचा एमटीयू १४५० केला आणि त्याच क्षणी एसएसएच जोडलं गेलं. इतकं हायसं वाटलं! हा बदल कन्सोलवरूनच करा, कारण अडकलेल्या एसएसएचवर भरवसा नाही. कमांडने केलेला बदल रीबूटनंतर उडतो, तेव्हा तो नेटप्लॅनमध्ये (उबुंटूची नेटवर्क सेटिंग) किंवा तुमच्या डिस्ट्रोच्या नेटवर्क फाइलमध्येही लिहा.

हे आकडे तिकिटात टाकल्यावर मात्र ते थेट नेटवर्क टीमकडे गेलं आणि दोष त्यांच्या बाजूचा असल्याचं त्यांनी मान्य केलं. तेव्हा तक्रार लिहिताना 'साइट चालत नाही' एवढ्यावर थांबू नका, कुठल्या आकाराला उत्तर येतं आणि कुठल्याला नाही ते पहिल्याच ओळीत लिहा.

आणि हो, डॉकर (ॲप वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) वापरत असाल तर त्याच्या ब्रिजचा एमटीयू वेगळा असतो, तोही खाली आणा. नाहीतर सर्व्हर सुरळीत चालेल आणि कंटेनर तसेच अडकून राहतील.