एक कॉम्प्युटर, चार माणसं आणि इन्कॉग्निटोचा भरवसा

घरात एकच कॉम्प्युटर. चालू केला की थेट डेस्कटॉप उघडतो आणि आजोबांपासून दहावीतल्या नातीपर्यंत सगळे तोच क्रोम ब्राउझर वापरतात. कुणी खाजगीपणाचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: इन्कॉग्निटो (क्रोमची खाजगी विंडो) वापर, काही मागे राहत नाही. राहतं. हिस्ट्री आणि कुकीज (लॉगिन वगैरे लक्षात ठेवणाऱ्या साइटच्या छोट्या नोंदी) जातात, पण उतरवलेली फाइल डाउनलोड्समध्ये तशीच पडून असते. शिवाय इन्कॉग्निटोची एखादी विंडो मिनिमाइझ होऊन राहिली, तर लॉगिनही चालूच असतं.

क्रोममध्ये वेगवेगळी प्रोफाइल केल्याने बुकमार्क आणि हिस्ट्री एकमेकांत मिसळत नाहीत, इतकंच. वरच्या गोल चित्रावर क्लिक करून कुणीही कुणाच्याही प्रोफाइलमध्ये जाऊ शकतं. साठवलेला पासवर्ड दाखवण्याआधी क्रोम विंडोजचा पिन मागतो खरा, पण तो पिन घरभर पाठ असेल तर ते कुलूप नावापुरतंच.

म्हणून विंडोजमध्येच प्रत्येकाचं स्वतंत्र खातं काढा. बाकीचं सगळं त्यानंतर. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूझर्स आणि तिथे ॲड अकाउंट. ईमेल न देता खातं हवं असेल तर ‘आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन’ आणि मग ‘ॲड अ यूझर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट’. पासवर्ड टाकला की तीन सुरक्षा प्रश्न येतात: पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, जन्मगाव, असले. खरी उत्तरं अजिबात देऊ नका, घरातल्यांना ती तोंडपाठ असतात. मनाला येईल ते लिहा आणि वहीत टिपून वही आपल्याजवळ ठेवा.

नवं खातं ‘स्टँडर्ड’ असतं, तसंच राहू द्या. स्टँडर्ड खात्यातून दुसऱ्याचे फोल्डर उघडत नाहीत, ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं वापरणारा, मात्र सगळ्यांचे उघडू शकतो. त्यामुळे ॲडमिनचा पासवर्ड एकाच मोठ्या माणसाकडे असावा आणि त्यानेही रोजच्या कामाला स्टँडर्ड खातंच वापरावं. नाहीतर जेवायला उठलेल्या बाबांच्या खुर्चीत जो बसेल तो ॲडमिन. उठताना विंडोजची कळ आणि एल दाबायचं, स्क्रीन लॉक होते. ही सवय सगळ्यांत जास्त उपयोगी.

क्रोमच्या ‘ऑन स्टार्टअप’मध्ये ‘कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ’ निवडलेलं असेल, तर ब्राउझर बंद करूनही अनेक साइटचं लॉगिन टिकतं. टॅब बंद केला म्हणजे बाहेर पडलो असं नव्हे, लॉगआउटच करावं लागतं. विंडोजची कळ आणि व्ही दाबून पाहा. क्लिपबोर्ड हिस्ट्री (कॉपी केलेल्या गोष्टींची यादी) चालू असेल तर कॉपी केलेले पासवर्डही तिथे ओळीने दिसतील. ‘क्लिअर ऑल’ करा.

प्रिंटसाठी उतरवलेल्या ई-आधारच्या (आधार कार्डाच्या) पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष असा बनतो. घरच्यांपासून तो लपणार कसा? प्रिंट झाली की फाइल शिफ्ट-डिलीटने काढून टाका.

व्हॉट्सॲप वेब चालू राहिलं असेल तर कॉम्प्युटरजवळ जायची गरज नाही. फोनवर ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा, त्या कॉम्प्युटरच्या नावावर बोट ठेवा आणि लॉगआउट करा.