ढब्याला सांगितलं ते

काल रात्री पाणी प्यायला उठले आणि परत झोपायला गेलेच नाही. ढब्या, आमचा कुत्रा, हॉलमध्ये गोधडीवर पडला होता. त्याच्या शेजारी फरशीवर बसले आणि सातारच्या घराचं सगळं त्याला सांगून टाकलं. हक्कसोडपत्रावर सही करताना हात कसा जड झाला ते, अंगठा मशीनवर टेकवला तेव्हा दादा मोबाइलमध्ये बघत होता ते, माडीवरच्या कोनाड्याचं. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत हा, माझा नवरा, जागा होता.

सकाळी चहा गाळताना एवढंच म्हणाला, "मला तर म्हणालीस, काहीच वाटलं नाही." आणि कप घेऊन बाल्कनीत गेला.

चिडून बोलला असता तर मीही दोन शब्द ऐकवले असते. तो चिडला नाही, आणि म्हणूनच ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही. पोळ्या लाटताना तेच, बँकेच्या रांगेत तेच.

का नाही सांगितलं त्याला? सांगितलं असतं तर त्याने लगेच दादाला फोन लावला असता. माझ्यासाठीच लावला असता. ताईला सांगितलं तर तिचेच डोळे भरून येतात आणि मग मलाच तिची समजूत घालावी लागते. माणसाला काही सांगितलं की त्याचं पुढे काहीतरी होतं. मला पुढे काही व्हायला नको होतं. ढब्या काही करत नाही. माझ्या घोट्यावर हनुवटी टेकवतो आणि नाकातून एक लांब श्वास सोडतो. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेत आता. पंजांना मक्याच्या लाह्यांसारखा वास येतो. तो वास आला की माझा गळा मोकळा होतो, हे मी कुणाला कसं सांगू?

दुपारी फार रडू आलं. इतकी वर्षं सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि माझं ऐकायला मंडईमागच्या कचराकुंडीपाशी सापडलेलं एक गावठी पिल्लू. आई असती तर... असो.

मागे एकदा जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या अभ्यासाबद्दल वाचलं होतं, 2015 सालचा. कुत्रं आणि त्याचं माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिले, की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या मायेत असतं तेच हे संप्रेरक. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत मात्र तसं दिसलं नाही. किती सुखावले होते तेव्हा. ढब्या टक लावून बघायला लागला की मनात म्हणायचे, त्यालाही मिळतंय, मी एकटीच घेत नाहीये.

आज त्याच ओढीने पुन्हा शोधायला बसले आणि दुसरंच हाती लागलं. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठाने 2019 साली 58 कुत्र्यांच्या आणि त्यांच्या माणसांच्या केसांतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. केसांत गेल्या कित्येक महिन्यांचा ताण साठलेला असतो. ज्या माणसांत तो जास्त, त्यांच्या कुत्र्यांतही जास्त. ते कुत्रे शेटलँड शीपडॉग आणि बॉर्डर कॉली होते, गावठी नव्हते. तरी वाचून हात थंड पडले. ढब्या दिवाळीपासून पुढचा पाय चाटतोय. डॉक्टर म्हणाले ॲलर्जी आहे, मलम दिलंय. ॲलर्जीच असेल.

मी त्याला सांगत होते ते त्याला कळत नाही म्हणून. शब्द नसतील कळत. पण रात्री दोन वाजता फरशीवर बसलेलं माणूस त्याला कळत नसेल असं मी कशावरून धरून चालले? ह्याला त्रास नको म्हणून ह्याच्यापासून लपवलं, आणि ज्याला उठून दुसऱ्या खोलीत जा असंही मला सांगता येत नाही, त्याच्यावर टाकलं.

आजी गोठ्यात जाऊन गाईशी बोलायची. त्याआधीच्या बायका जात्याशी बोलत, सासरचं सगळं ओव्यांतून त्याला सांगत. कुणी त्यात वावगं मानलं नाही, आणि मलाही आज ते वावगं वाटत नाही. माणसाला कुठेतरी बोलावं लागतं. मी ढब्याशी बोलायची थांबणार नाही, मला ते जमणारही नाही. फक्त जातं दमत नाही. ढब्या अकरा वर्षांचा आहे.

संध्याकाळी पट्टा काढला तर हा चपला घालून दारात उभा. तिघेही निघालो. कॅनॉलच्या रस्त्यापर्यंत कुणी काही बोललं नाही. ढब्या नेहमीच्या विजेच्या खांबापाशी थांबला. तिथे त्याला पाच मिनिटं लागतातच.

"कोनाड्यात काय होतं?" ह्याने विचारलं.

म्हणजे तेवढं ऐकू गेलं नव्हतं. सांगितलं मी. आईचा डबा, त्यात माझे पडलेले दुधाचे दात, आणि घर रिकामं करताना तो कुणी टाकून दिला हे अजून मला माहीत नाही ते. सांगताना मी खांबाकडेच बघत होते. त्याने दादाला फोन करतो म्हटलं नाही. कुठल्या रंगाचा होता, एवढंच विचारलं.

निळा, म्हटलं. झाकणावर एक पोचा होता.

ढब्याचं हुंगून झालं होतं. तो पट्ट्याला हिसका न देता आमच्याकडे बघत उभा होता.